एक स्टेशन आधी उतरून : भिलाईहून एका जर्मन नगराध्यक्षाच्या घरापर्यंत

मुलगी देण्याआधी मुलाच्या गावी कसे जायचे, याची आमच्या घराण्यात एक ठरलेली पद्धत आहे. ती माझ्या आजोबांनी घालून दिली. न कळवता जायचे. एक स्टेशन अथवा एक थांबा आधी उतरायचे आणि उरलेले अंतर पायी कापायचे. गावात शिरल्यावर तीन माणसांना विचारायचे : एक दुकानदार, एक न्हावी, आणि तिसरा असा, की ज्याला त्या घराकडून काहीही मिळण्यासारखे नाही. शेवटचा नियम सर्वांत कडक. होकार ठरेपर्यंत त्या घरचे पाणी घ्यायचे नाही. पाणी घेतले म्हणजे शब्द दिला.

आजोबा वैनगंगेकाठच्या गावातून भिलाईत आले तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती आणि त्यांच्या डोक्यावर गिट्टीचे, म्हणजे खडीचे, घमेले होते. आमचे घर बौद्ध. गावच्या विहिरीवर आपण काय सोसले हे आजोबा फारसे सांगत नसत. एवढेच म्हणत, "जनमभर लोकायनं आपल्याले पाहून पाणी देल्लं. आता आपण पाहून पाणी घेऊ."

ही पद्धत तुमसरला पाळली गेली, गोंदियाला पाळली गेली, राजनांदगावला तर दोनदा. ती जर्मनीत पाळण्याची पाळी माझ्यावर येईल, असे मात्र आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

माझी मुलगी प्रज्ञा धातुशास्त्राची अभियंता. तीन वर्षांपासून ती जर्मनीतल्या डुइसबुर्ग या पोलादाच्या शहरात नोकरी करते. गेल्या होळीनंतर एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितले की तिला योनास नावाच्या मुलाशी लग्न करायचे आहे. तो शाळेत गणित शिकवतो आणि तिथल्या डोंगराळ भागातल्या एका लहान गावचा आहे. मी संध्याकाळीच भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीत दादांकडे गेलो. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, कारखान्याच्या रेल मिलमधून (रूळ बनवणाऱ्या विभागातून) निवृत्त झालेले. आमच्या घरातला कोणताही होकार त्यांच्या ओट्यावरूनच निघतो.

"पोरगा चांगलाच असन," दादा म्हणाले. "पोरगी आपली हुशार आहे. पण खानदान कोणं पाह्यलं? गाव कोणं पाह्यलं?"

"दादा, ते जर्मनी आहे."

"मंग? तिथं गावं नसतेत का? न्हावी नसतेत?"

खरे सांगायचे तर वाद घालण्याची माझी इच्छाच नव्हती, कारण त्या क्षणी माझ्या छातीत एक अत्यंत अशोभनीय उकळी फुटली होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी समुद्रापलीकडे जाणार होतो!

जे वाचक अशा प्रवासाचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी तयारीचे चार शब्द. व्हिसाकरिता आम्हा छत्तीसगडवाल्यांना मुंबईची एक फेरी पडते. मुलीचे निमंत्रणपत्र, प्रवासाचा विमा आणि परतीचे तिकीट यांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. मी तीन नेल्या. तिसरी लागली. भिलाईच्या सेक्टर-६ पासून रायपूरचा विमानतळ टॅक्सीने सव्वा तासावर आहे. पुढे दिल्ली आणि दिल्लीहून थेट फ्रँकफुर्ट. सामानात तांदूळ, पापड, जवसाची चटणी चालते. दुधाचे पदार्थ चालत नाहीत. दादांनी दोन किलो पेढ्यांचा आग्रह धरला होता. नियमाचा कागद दाखवला तेव्हा ते थांबले. "ठीक आहे," ते म्हणाले, "मंग पेढे इथंच वाटू. तू फक्त फोन कर."

हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

डुइसबुर्ग : भट्टीवर आइस्क्रीम

फ्रँकफुर्टहून डुइसबुर्ग वेगवान गाडीने दीड-पावणेदोन तास. तिकीट महिनाभर आधी काढल्यास निम्म्याहून कमी दरात मिळते. प्रज्ञा आणि योनास दोघेही स्टेशनवर आले होते. योनास उंच, किडकिडीत, कानांपर्यंत लाजणारा. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पाठ केलेले वाक्य म्हटले :

"काय म्हंता बाबा, प्रवास कसा झाला? थकून गेले असान तुमी."

माझी पत्नी शीला हसून हसून सूटकेसवरच बसली. "बाप्पा! हा तं आपल्या कॅम्पातला निघाला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला लांडशाफ्टपार्क दाखवला. भिलाईच्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा हे ठिकाण पाहावे, असे माझे ठाम मत आहे. हा एकेकाळचा चालता पोलाद कारखाना. बंद पडल्यावर त्यांनी तो मोडला नाही. त्याची बाग केली. प्रवेश विनामूल्य. झोतभट्टीवर, होय, प्रत्यक्ष ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडी जिन्यांनी थेट वरपर्यंत चढता येते. मी एकतीस वर्षे कारखान्यात काढली, पण भांडार विभागात. भट्टीजवळ जायचे तर पास, हेल्मेट, बूट आणि साहेबांची परवानगी. आणि इथे एक चार वर्षांची मुलगी हातात आइस्क्रीम घेऊन माझ्यापुढे भट्टी चढत होती!

मी प्रत्येक मजल्यावर थांबून शीलाला समजावत होतो : इथून कोक-कोळसा जातो, इथून गरम हवा, हा डाउनकमर, भट्टीचा धूर खाली आणणारा नळ. वरच्या कठड्याशी पोचलो तेव्हा खालच्या रिकाम्या मालधक्क्यात झाडे उगवलेली दिसली आणि मी रुमालाने डोळे पुसू लागलो.

"तुमी कावून रडून राहिले?" शीलाने विचारले.

"रडत नाही. वारा आहे."

"हो. भिलाईचा वारा दिसते."

शनिवार : सहा किलोमीटर पायी

शनिवारी दुपारी तीन वाजता योनासच्या घरी कॉफीचे निमंत्रण होते. त्याला लहानपणापासून आजीनेच वाढवले. आजीचे नाव हेल्गा, वय सत्त्याऐंशी. प्रज्ञा आणि योनास सकाळीच मोटारीने पुढे जाऊन केक करणार होते. मी म्हणालो, आम्ही दोघे मागून रेल्वेने येतो, डोंगर पाहायचा आहे. हे असत्य नव्हते, अपुरे होते. प्रज्ञाने माझ्याकडे दोन क्षण रोखून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, सीधा स्टेशनवर उतरजा. इकडंतिकडं नको."

गावाचे नाव मी देत नाही. कारण लेखाच्या ओघात कळेल. प्रदेशाचे नाव साउअरलांड : बुटके हिरवे डोंगर, काळ्या पाटीच्या कौलांची पांढरी घरे. प्रादेशिक गाड्यांसाठी महिन्याचा एकच पास मिळतो. तोच घ्यावा, कटकट वाचते. गाडी वेळापत्रकाच्या चार मिनिटे मागे होती. जर्मन रेल्वेविषयीचा माझा एक जुना समज इथे दुरुस्त झाला.

आम्ही नियमाप्रमाणे एक स्टेशन आधी उतरलो. नदीकाठची पायवाट, सहा किलोमीटर, चढ फार नाही. वाटेत गायी, चेरीची झाडे, आणि दर अर्ध्या किलोमीटरवर शीलाचा एकच प्रश्न : "आलं का?"

पहिला : दुकानदार. गावाच्या तोंडाशीच बेकरी. दोन गोल पाव, चीज आणि एक मोठी कॉफी मिळून सात युरोंच्या आत. पावाला वर खसखस. घरी जमणार नाही अशी कुरकुरीत कड. काउंटरवरच्या बाईंना कामापुरते इंग्रजी येत होते. मी सहज विचारल्यासारखे विचारले की योनास नावाचा गणिताचा शिक्षक इथलाच काय.

"योनास! नगराध्यक्षांच्या घरातला!" त्यांचा चेहरा उजळला. "टेकडीवरचे घर. त्याचे पणजोबा इथले नगराध्यक्ष होते. फार मोठा माणूस. या गावाला त्यांनी वाचवले. तो पोहण्याचा तलावही त्यांनीच बांधला."

वाचकहो, मी काटेकोर माणूस आहे. भांडारात ट्रकमधला माल यादीशी ताडून पाहिल्याखेरीज मी आजवर सही केलेली नाही. परंतु त्या खसखशीच्या पावाचा, भट्टीचा, चेरीच्या झाडांचा एकत्रित परिणाम असा झाला की मी बेकरीबाहेर येऊन तात्काळ भिलाईला फोन लावला. तिथे दुपारचे दोन वाजले होते.

"दादा! खानदान पाह्यलं! पणजोबा महापौर होते गावाचे!" नेमके बोलायचे तर लहान गावाला महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो, पण त्या घटकेला तेही भान राहिले नाही.

"महापौर?" पलीकडून दादांचा आवाज चढला. "अबे, आपल्या खानदानात आजवर वार्ड मेंबर नाई झाला! ठेव फोन. पेढेवाला बंद होईन."

"दादा, अजून दोघांना विचारायचं..."

फोन ठेवला गेला होता.

दुसरा : न्हावी. तुर्की वंशाचा, पन्नाशीचा, मोडक्या इंग्रजीतही अतिशय बोलका. मी दाढी कोरून घेतली. शीला खुर्चीत बसून त्याने दिलेला लालभडक चहा प्यायली. (हा चहा त्या घरचा नसल्याने नियमात बसतो.) योनास कसा, म्हटल्यावर त्याने कात्री हवेत थांबवली.

"योनास चांगला. आजी त्याहून चांगली. माझी आई इथे आली तेव्हा आम्हाला कोणी खोली देईना. हेल्गाबाईंनी वरचा मजला दिला. सहा वर्षे राहिलो."

"आणि तिचे वडील? नगराध्यक्ष?"

आरशातले त्याचे डोळे माझ्यावरून कात्रीवर गेले. "ते मला विचारू नका. मी इथे फक्त पंचेचाळीस वर्षे आहे. नवीन आहे. संग्रहालयात विचारा, एक वाजेपर्यंत उघडे असते."

भिंतीवरचे फोटो

जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत दोन खोल्यांचे संग्रहालय आहे. तिकीट दोन युरो. देखरेखीला एक निवृत्त शिक्षिका, इंग्रजी उत्तम. त्या घराकडून काही मिळण्यासारखे नसलेले हे आमचे तिसरे माणूस. पहिल्या खोलीत गावच्या सर्व नगराध्यक्षांचे फोटो ओळीने लावलेले. प्रत्येकाखाली कारकिर्दीची साले. मी सवयीने नावाआधी साले वाचली. सातव्या चौकटीपाशी थांबलो.

आकडे सरळ होते. शाळेतल्या मुलालाही कळावेत असे. नेमकी ती बारा वर्षे, ज्यांत जर्मनीवर नाझींचे राज्य होते. एक साल अलीकडे नाही, एक साल पलीकडे नाही.

फोटोत उंच, किडकिडीत माणूस. कान योनासचे.

"हे गाव वाचवणारे?" मी विचारले.

शिक्षिकाबाईंनी चष्मा पुसला. "हो. आणि हे सुद्धा." त्यांनी दुसऱ्या खोलीत काचेच्या कपाटापाशी नेले.

त्या माणसाचे आयुष्य त्यांनी मला पंधरा मिनिटांत सांगितले, आणि सांगताना एकही विशेषण वापरले नाही. स्टेशनमास्तरचा मुलगा. सतराव्या वर्षी नगरपालिकेत कनिष्ठ कारकून. अक्षर सुरेख, काम चोख. रोजचे टपाल रोज निकाली. नाझी आल्यावर जुन्या नगराध्यक्षांना काढले आणि खुर्ची याला देऊ केली. त्याने ज्या आठवड्यात पक्षाचे सदस्यत्व घेतले त्याच आठवड्यात खुर्चीही घेतली. तो भाषणे करत नसे, कोणावर ओरडत नसे. त्याने रस्ते केले. तलाव बांधला, त्यासाठी गावातल्या कापडाच्या ज्यू व्यापाऱ्याने देणगी दिली होती. दोन उन्हाळ्यांनंतर तलावाच्या फाटकावर पाटी लागली : ज्यूंना प्रवेश नाही. तिचा हुकूम कपाटात होता. खाली सुरेख अक्षरात सही.

शेजारी दुसरा कागद. पाच नावांची यादी : तो व्यापारी, पत्नी, म्हातारी आई, दोन मुली. प्रत्येकापुढे जन्मतारीख, घर क्रमांक, सोबतच्या बॅगांची संख्या. त्यांना गाडीत बसवून पूर्वेकडे पाठवायचे होते. पाचांपैकी कोणीही परत आले नाही. यादीच्या तळाशी शेरा होता, बाईंनी भाषांतर केले : "तपासली. बरोबर आहे." आणि तीच सही.

मी त्या यादीपुढे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही, आणि वेळ सांगता न येणे मला शोभत नाही. "तपासली. बरोबर आहे." हे शब्द मी एकतीस वर्षे लिहीत आलो आहे. माझ्या याद्यांत बेअरिंग असतात, व्हॉल्व्ह असतात, वायरचे ड्रम असतात. यादी त्याचीही अचूक होती. एक खाडाखोड नव्हती.

युद्धाच्या शेवटी अमेरिकन रणगाडे गावाबाहेर आले तेव्हा लढून मरण्याचा वरचा हुकूम होता. त्याने तो मोडला आणि चर्चच्या मनोऱ्यावर पांढरी चादर फडकवली. गावावर एक गोळा पडला नाही. म्हणून बेकरीवाल्या बाईंच्या लेखी तो मोठा माणूस. पुढे काही काळ कैद, मग चौकशी. चौकशीने त्याला पुढारी न ठरवता मागोमाग चालणाऱ्यांत बसवले. उरलेली वीस वर्षे त्याने सफरचंदाची झाडे लावली.

"हे कागद मिळाले कुठून?" मी विचारले.

त्यांनी कपाटाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीकडे बोट केले; मी ती वाचली नव्हती. नगराध्यक्षांच्या कन्येकडून भेट.

खिशात फोन थरथरला. दादांनी चित्र पाठवले होते : पेढ्यांचा रिकामा खोका. खाली, "सतरा घरं झाले. महापौर आयकून काकूनं माये पाय धरले."

आम्ही बाहेर पडून तलावासमोरच्या बाकावर बसलो. तलाव आजही चालू आहे. निळेशार पाणी, पोरांचा कल्ला, फाटकावर वेळापत्रक. मी शीलाला सगळे सांगितले. तिने फाटकाकडे पाहिले.

"आपल्या गावात विहिरीवर पाटी होती का वो?"

"नव्हती."

"मंग?"

"पाटीची गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत होतं."

"हूं." तिने पदराने तोंड पुसले. "चला. त्या बुढीले इचारू. कागदाले काय इचारून राहिले?"

"आणि नाही म्हणावं लागलं तर? प्रज्ञाला काय सांगू? दादांना?"

"ते मंग पाहू. तीन वाजून राहिले."

दोन ग्लास

तीनला दोन मिनिटे कमी असताना आम्ही टेकडीवरच्या घराची घंटा वाजवली. हेल्गाआजी दारात काठी टेकून उभ्याच होत्या. टेबलावर निळ्या काठाच्या बशा, अंगणातल्या, गेल्या हंगामात साठवलेल्या सफरचंदांचा केक, फेटलेल्या सायीचा वाडगा, कॉफीचे भांडे आणि आम्हा दोघांपुढे पाण्याचे दोन ग्लास. योनासने बाप्पा-बाप्पा करत खुर्च्या ओढल्या. प्रज्ञाने साडी नेसली होती.

मी कॉफी नको म्हणालो. केक नको म्हणालो. पाण्याला हात लावला नाही. सहा किलोमीटर चाललेला, घामाघूम माणूस, जून महिन्यात. एक मिनिट गेले, दोन गेली. योनासचे कान लाल झाले. आजींनी माझ्या ग्लासाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हातातला चमचा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये काहीतरी हळू म्हणाल्या.

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "बाबा, आजी म्हंते, तुमाले कळलं दिसते. म्हणून तुमी आमच्या घरचं काही घेऊन नाई राहिले."

"तसं नाही," मी गडबडलो. "म्हणजे, कळलं आहे. पण पाण्याचा नियम आपला आहे. तो कोणाही घरी..."

"तुमी चौकशी केली?" प्रज्ञाने हातातली बशी खाली ठेवली. "बाबा, हे राजनांदगाव आहे का? कोणाले इचारलं?"

"बेकरी, न्हावी, संग्रहालय."

"न्हावी?" योनासला एवढा एकच शब्द कळला.

"मी सांगणारच होती," प्रज्ञा म्हणाली. डोळे भरले होते, पण ती नजर हटवत नव्हती. "योनासनं मले दुसऱ्याच भेटीत सांगतलं. आजी म्हणे, तुया बापाले मी सांगन, माया बापाचं आहे ते. त्याच्यासाठीच आज बोलावलं. आणि तुमचा काय नियम आहे तो सांगा आता तिले, मी नाई सांगत."

मी सांगितला. इंग्रजीत, क्रमवार, आजोबांपासून. विहीर, गिट्टी, तीन माणसे, पाणी. योनास जर्मनमध्ये पोचवत गेला. आजींनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्या बोलू लागल्या, आणि त्यांचे जर्मन प्रज्ञाच्या तोंडून आमच्या घरच्या बोलीत बाहेर येऊ लागले. तो आवाज मी विसरू शकत नाही; जणू हेल्गाआजी कॅम्प-१ च्या ओट्यावर बसून सांगत होत्या.

"माया बापानं सही केली. कोणं बंदूक नोती लावली. त्याले वाटे, कागद नीट असला म्हंजे काम नीट झालं. ते यादीतल्या पोरी माया बहिणीच्या शाळेत होत्या. लहानीसंगच माही बहीण पोहायला शिकली. पाटी लागली, आन् बहीण पोहायला जातच राहिली. आमच्या घरातलं कोणीच थांबलं नाई."

"गाव त्यांनी वाचवलं, असं दुकानात म्हणाले," मी म्हणालो.

"ते खरं आहे. चादर आमच्याच घरची होती, माया आईची. मी सात वर्षाची होती, मी एक कोना धरला होता. चादर बांधायले पाच मिनिटं लागले असन. सही कराले एक मिनिट. दोनी त्यानंच केलं. गावाले ते पाच मिनिटं पाठ आहेत. तो मेल्यावर टेबलाच्या खणात मले हे एक मिनिट भेटलं. मी नेऊन देल्लं. बेकरीवालीच्या मायनं तवापासून माया संग बोलणं सोडलं, मरेलोक." त्या थांबल्या. प्रज्ञाही थांबली. "युद्धानंतर तो कधी त्या तलावात उतरला नाई. मी इचारलं, कावून? म्हणे, पाणी थंड आहे."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या आजोबांच्या गावचा पाटलाचा वाडा होता. त्या घरची माणसे आजही भेटतात; लग्नाला बोलावतात, हात मिळवतात. त्या घरातले कोणी कधी असे बोलले नाही, आणि बोलावे असे आम्हीही कधी त्यांना सुचवले नाही.

आजी आणखी एक वाक्य म्हणाल्या. "आग्रह नाई करत. तुमच्या आज्याचा नियम चांगला आहे. पाहून घ्या."

अशा निर्णयात मी शीलाचा सल्ला घेतल्याखेरीज पाऊल टाकत नाही. मी तिच्याकडे वळलो. तिचा ग्लास रिकामा होता.

"शीला!"

"मले तहान लागली होती," ती म्हणाली. "सहा किलोमीटर चालवलं तुमी. आन् मायं पाहून झालं."

योनासला या वेळी भाषांतर लागले नाही. तो उठला, आणि तिचा ग्लास पुन्हा इतका काठोकाठ भरला की टेबलक्लॉथ भिजला. मी माझा ग्लास उचलला. एका दमात संपवला. नळाचे साधे पाणी. थंड, किंचित चुन्याच्या चवीचे. मग केकचे तीन तुकडे खाल्ले. साय घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न असल्यास घ्यावी.

भिलाई

उरलेल्या आठ दिवसांत ऱ्हाइनची नौका, कोलोनचे चर्च आणि एक अत्यंत निराशाजनक भारतीय उपाहारगृह पाहिले. त्यांची माहिती इतरत्र मुबलक आहे. परतलो तेव्हा जुलै लागला होता. सामान घरी टाकले आणि तसाच कॅम्प-१ ला गेलो.

दादांनी सगळे ऐकून घेतले. सही, यादी, पाच नावे, चादर. घरातली माणसे एकेक करून आत सरकली.

"आन् मी सतरा घरी महापौर-महापौर करत पेढे वाटले," शेवटी ते म्हणाले.

"चूक माझी आहे दादा. तीन माणसं पूर्ण होण्याआधी फोन केला."

"तुयी तं आहेच. बुढीनं सोताच्या बापाचा कागद सोता नेऊन देल्ला?"

"हो."

"पाणी घेतलं तिथं?"

"घेतलं. शीलानं आधी घेतलं."

दादा उठले. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, चपला शोधल्या. मला वाटले, रागाने निघाले.

"चाल," ते म्हणाले. "सतरा घरं आहेत."

मी आजवर केलेल्या प्रवासांत हा सर्वांत लहान : कॅम्प-१ च्या तीन गल्ल्या, अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. प्रत्येक दारात दादा तेच सांगत होते, त्याच क्रमाने, आधी सही आणि मग चादर. कोणी "जाऊ द्या ना, जुनी गोष्ट" म्हणाले. एका घरी मात्र तरण्या सुनेने विचारले, "मग सोयरीक मोडली का, काकाजी?" "नाई वो, पाणी घेतलं," दादा म्हणाले. नवव्या घरी मावशीबाई होत्या, आजोबांसोबत गिट्टी वाहिलेल्या पिढीतल्या शेवटच्या. त्यांनी सारे ऐकले, बोळके तोंड हलवत विचार केला आणि दादांच्या सदऱ्याला धरून म्हणाल्या,

"म्हंजे मी खाल्ला तो पेढा खरा का खोटा?"

"पेढा खराच होता, मावशी," दादा म्हणाले. "गोष्ट अर्धी होती. बाकीची घेऊन आलो."

"मंग बस," मावशी म्हणाल्या, आणि आत वळून नातसुनेला हाक मारली, "पाणी आण वो, दोघायले."